एका पेल्याला एक छर्रा

बुधवार, ता. १०, सकाळ

ताई,

आधी खर्च ऐक. एक पेला पाणी, दीडशे मिली, साधं, फ्रिजमधलं. त्याला लागली पंचेचाळीस मिनिटं, दोन गोष्टी, एक माकडाचा आवाज, माझा उजवा गुडघा (घोडा व्हावं लागलं) आणि जुन्या बेअरिंगमधला एक छर्रा. काल संध्याकाळी ठिणगीच्या घशाखाली पहिला पेला गेला तो असा. ऑपरेशनला म्हणे बावीस मिनिटं लागली होती. म्हणजे टॉन्सिल काढणं स्वस्तात झालं, पाणी पाजणं महागात पडतंय.

सोमवारी ऑपरेशन झालं, काल दुपारी घरी आणली. डॉक्टर पोरसवदा आहे, पेन चावत बोलतो. त्यानं एका दमात वीस गोष्टी सांगितल्या, मी एकच पक्की धरली, की पाणी भरपूर प्यायला हवं. नाहीतर घसा सुकतो, खपली नीट धरत नाही आणि पोर पुन्हा दवाखान्यात येते. बोलणं तर तिनं स्वतःच बंद केलंय. दुखत असणार. मग आम्ही खुणा ठरवल्या. चमचा पेल्यावर एकदा वाजवला तर हो, दोनदा वाजवला तर नाही. तीनदा वाजवण्याचा अर्थ तिनं आज सकाळी आपल्या मनानं ठरवला, 'आजोबा, तुम्ही गप्प बसा.'

तुझ्या भाचीचा जीव मात्र थाऱ्यावर नाही. ऑपरेशनचा नंबर लागायला चार महिने वाट बघितली आणि नेमका लागला तो तिच्या क्रेनच्या ट्रेनिंगच्या शेवटच्या पंधरवड्यात. शुक्रवारी, एकोणीसला, तिची परीक्षा. जावई बोटीवर. जाताना दहादा विचारत होती, बाबा, जमेल ना. मी म्हटलं, बाई गं, चाळीस वर्षं मी बंद झाकणातून पंप ऐकतोय. बेअरिंग गेलंय की पाती घासतायत की हवा धरलीय, ते न उघडता सांगतो. माझ्या छपराखाली पाण्याचा एक थेंब गळला तरी मला ऐकू येतो, मग साडेपाच वर्षांची पोर घोट घेतेय की नाही ते मला कळणार नाही? तेव्हा कुठं गाडीत बसली.

छर्‍याचं सांगायचं राहिलं. आमच्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहे. पंप चाचणीत पास झाला की कारागीर आपल्या बरणीत एक छर्रा टाकतो, बरणी भरली की भरपगारी सुट्टी. आता ठिणगीलाही बरणी दिलीय. एका पेल्याला एक छर्रा. बरणीवर पांढऱ्या रंगानं वजनही लिहून दिलं. हसू नकोस. हातोडा, स्टूल, दाराशी आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली, सगळ्यावर वजन लिहिलेलं असतं म्हणून माझ्या दुकानातून काही हलत नाही. वजन न लिहिलेल्या दोनच वस्तू उरल्यात, मी आणि फोरमन.

फोन लावला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मोबाईलची अक्षरं तुला दिसत नाहीत, त्यामुळे आपलं टपाल पावाच्या गाडीवरच. गाडीवाला भोंगा दारात उभा आहे आणि नावाप्रमाणे वाजवतोय. बंद करतो.

तुझा
भाऊ

•

बुधवार, ता. १०, संध्याकाळ

प्रिय कानसेन,

पत्र दुपारी पावाबरोबर मिळालं. पाव तुझ्या पत्रापेक्षा ताजा होता.

भाचीनं आधी मला विचारलं होतं की आत्या, येशील का. मी पिशवी भरायला घेतली होती. मग तिचीच चिठ्ठी आली की बाबा नको म्हणतात. का नको म्हणतात तेही तिनं लिहिलं होतं, ती काही लपवत नाही. 'ताईला ऐकू येत नाही, ठिणगीला बोलता येत नाही, दोघींचं एका घरात चालायचं कसं?' पिशवी परत रिकामी केली. रागावलेली नाही. मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ अर्ध्या कानानं. एकाही पोराची तक्रार आली नाही. निदान मला ऐकू आली नाही.

आता लक्ष दे. दुखण्याचं औषध घड्याळ बघून द्यायचं, पोरीचा चेहरा बघून नाही. औषध दिल्यावर अर्ध्या तासानं पाणी, सूप, आईस्क्रीम, जे जाईल ते. घशात पांढरं दिसेल आणि तोंडाला घाण वास येईल. दोन्ही ठीक. घशात बोट घालून बघू नकोस, तुला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची सवय आहे. लाल रक्त दिसलं, किंवा ती झोपेतही सारखी गिळतेय असं दिसलं, तर मला पत्र लिहीत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

आणि एक कळव. दिवसातून लघवीला किती वेळा जाते, रंग कसा आहे.

छर्रा तिनं गिळला तर काय, याचा विचार केला आहेस का?

ताई

•

शुक्रवार, ता. १२, सकाळ

ताई,

छर्रा गिळण्याएवढा लहान नाही. सुपारीपेक्षा मोठा आहे. आणि ज्या पोरीला पाणी गिळायचं म्हटलं की घाम फुटतो, ती लोखंड कशाला गिळेल?

आकडे बघ आणि मग बोल. बुधवारी पाच पेले. काल आठ. म्हणजे बाराशे मिली. तुझ्या वॉर्डातल्या कुठल्या पोरानं चौथ्या दिवशी बाराशे मिली प्यायल्याचं आठवतंय का? आता मला घोडाही व्हावं लागत नाही. पेला दोन्ही हातांत धरून बाई दुकानात जातात, दाराशी उकिडव्या बसून सावकाश पितात आणि रिकामा पेला माझ्या टेबलावर उलटा ठेवून हात पुढं करतात. मी खुर्चीत. डोळे बिलाकडं, कान तिच्याकडं. एक थेंब सांडलेला नाही. सांडला असता तर ऐकू आला असता.

एवढी घाई कशाची ते सांगतो. बरणीवर मी खडूनं एक रेघ मारलीय, तिथपर्यंत चाळीस छर्रे बसतात. बरणी रेघेपर्यंत भरली की आई येणार, असं मी तिला सांगितलंय. रोजचे चार पेले धरले तर दहा दिवस, आणि तोवर परीक्षा उरकून लेक येतेच. हिशोब किती चोख बसवला बघ. पण पोरगी माझ्यापेक्षा पुढं निघाली, तिनं हप्ता दुप्पट केला.

औषधाचं म्हणशील तर, ती रडतच नाही. बुधवारी एकदा रडली तेव्हा दिलं. जी मोटार आवाज करत नाही तिच्यात कुणी हात घालतं का? उगाच पोरीच्या पोटात औषधं कशाला.

त्रास एकच आहे, कानांचा. काल दुपारपासून दोन्ही कान दाबून बसते. साहजिक आहे, घराला लागून दुकान आणि दुकानात दिवसभर घरघर. मी काल चाचणीचं टेबल बंद केलं. फोरमनला लोखंडी हातोडीऐवजी रबरी दिली. तो म्हणाला, मालक, यानं काय पंपाला थोपटून झोपवू? माझ्या फोनचा आवाजही बंद करून टाकला. भोंग्याला सांगितलंय की कोपऱ्यापासून हॉर्न नाही. गडी बिचारा हात मांडीखाली दाबून गाडी थांबवतो. ठिणगीच्या कानांत कापूस घातलाय. दुकान असं शांत मी ते उघडल्यापासून पाहिलेलं नाही. मलाच करमेनासं झालंय, सारखा उठून बघून येतो की सगळे जिवंत आहेत ना.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या पत्रात. ती आली, हात पुढं करून उभी आहे.

भाऊ

•

शुक्रवार, ता. १२, संध्याकाळ

कानसेन,

कापूस काढ. आत्ता, पुढची ओळ वाचण्याआधी.

काढलास? आता ऐक. तिचे कान तुझ्या मशिनींमुळे दुखत नाहीत. घशाची जखम कानात ठणकते, आतून दोघांची एकच तार आहे. वॉर्डात टॉन्सिलचं प्रत्येक पोर चौथ्या दिवशी कान धरून बसायचं आणि प्रत्येक आई मला सांगायची की सिस्टर, दुसरं काहीतरी निघालंय. तुझी दुकानदारी सुरू कर. कान दुखतायत याचा अर्थ घसा जास्त दुखतोय, आणि तू औषध देत नाहीस.

रडत नाही म्हणतोस. रडायलाही गळा लागतो. तो आत्ता कच्चा आहे. मोटार न उघडता सांगणारा तू, तुला हे कुणी सांगितलं नाही? जी पोरं वॉर्डात रडायची त्यांची मी चिंता करत नसे. कोपऱ्यातल्या गप्प पोराकडे आधी जायची.

आणि तुझे पेले मला नकोत. बाराशे, पंधराशे, काहीही लिही. आत किती गेलं हे वरून मोजायचं नसतं, खालून मोजायचं असतं. पोरं पेला रिकामा कसा करतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मी तुला एक प्रश्न विचारला होता आणि तू त्याच्यावर पाय देऊन पुढं गेलास. उद्या दिवसभर तिच्या मागे राहा आणि मोज. किती वेळा, किती, रंग कसा. पत्रात दुसरं काही नसलं तरी चालेल, विनोद तर नकोतच.

बरणी भरली की आई येईल, हे वचन तू भाचीला विचारून दिलंस का?

ताई

•

शनिवार, ता. १३, दुपार

ताई,

विनोद नाहीत.

सकाळी नऊला एकदा. थोडीशीच. रंग कोऱ्या चहासारखा. त्यानंतर आता चार वाजत आले, काही नाही. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा पेल्यावर टक टक, नाही.

कापूस तेव्हाच काढला होता. औषध सकाळी आठला आणि दुपारी दोनला दिलं, भिंतीवरच्या फळ्यावर वेळ लिहिलीय. दुपारच्या औषधानंतर अर्धी वाटी आईस्क्रीम तिनं आपणहून खाल्लं. तुझं बरोबर होतं, तिला दुखत होतं. मला वाटलं ती शहाणी आहे.

काल नऊ पेले झाले. आज आत्तापर्यंत सहा. खुर्चीत बसवत नाही. कागदावर आकडे मांडतो आणि खोडतो. एवढं पाणी वरून आत जातं आणि खालून येत नाही, असं पंपाचं असेल तर मी डोळे मिटून सांगेन की मधे गळती आहे. पण गळती असती तर मला ऐकू आली असती. मोरीत जाऊन बघितलं, कोरडी. न्हाणीघर कोरडं. खिडकीतली कुंडी कोरडी, बिचारीला मीच चार दिवस पाणी घातलेलं नाही. अंथरूण कोरडं. फोरमनला विचारलं, तो म्हणाला की मी तर थोपटण्यात गुंग आहे, मालक.

लेकीचा काल निरोप होता, कशी आहे. मी कळवलं, उत्तम, बाराशे मिली. वचनाचं तिला विचारलेलं नाही. तिनं आत्ता त्या क्रेनवर लक्ष ठेवावं, पोरीवर नाही, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पण तुला सांगताना ते तितकंसं बरं वाटत नाही.

संध्याकाळी सहा. आणखी दोन पेले झाले, दिवसाचे आठ. बरणीत एकतीस. आत्ता एकदा गेली, अगदी थोडी, रंग तोच. म्हणजे दिवसभरात दोनदा. ओठांना भेगा पडल्यात. मघाशी स्टुलाला ठेच लागली तर तोंड रडकं केलं, सगळा चेहरा रडला, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. मी म्हणालो, शाब्बास, शूर आहेस. आणि मग तसाच उभा राहिलो.

रविवार सकाळ. उठवली तर उठते, पण परत आडवी होते. पेल्याकडं बघितलं नाही. बरणी मात्र उशाशी घेतलीय. मी रेघेवर बोट ठेवून म्हटलं, अजून नऊ. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. रक्त नाही, गिळण्याचा आवाज नाही, मी तासभर कान लावून होतो. दवाखान्यात नेऊ का, की रविवार म्हणून उद्यापर्यंत थांबू? भोंगा गाडी चालूच ठेवून उभा आहे. लगेच कळव.

भाऊ

•

रविवार, ता. १४, दहा वाजता
(पावाच्या कागदावर)

शेजारच्या शिंपीणबाईंनी तुला सात वेळा फोन लावला, तू उचलत नाहीस. मग आठवलं, तू फोनचा आवाज बंद करून ठेवलायस. म्हणून भोंग्याला अर्ध्या गाडीच्या पावासकट परत पाठवतेय. त्याला सांगितलंय, हवा तेवढा हॉर्न वाजव.

उद्या नाही. चप्पल घालायला लागेल तेवढ्याच वेळात, याच गाडीतून तिला घेऊन नीघ. डॉक्टरांना एवढंच सांग, ऑपरेशनला सहा दिवस झाले, काल दिवसभरात दोनदा लघवी, रंग गडद, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सकाळपासून मलूल. पेल्यांचा हिशोब सांगू नकोस, ते त्याच्यावर विश्वास ठेवतील.

तिला एका शब्दानं रागावू नकोस. बरणी हवी म्हणाली तर बरोबर घे.

मी दुपारच्या बसनं येते. पिशवी शुक्रवारपासून पुन्हा भरून ठेवलीय.

ताई

•

सोमवार, ता. १५, वॉर्डातून, दुपार

कानसेन,

हे पत्र फोरमनबरोबर देते. सूप त्यानं न सांडता आणलं.

आधी चांगली बातमी. सलाईनची दुसरी बाटली चालू आहे. सकाळी सातला ठिणगीनं आपणहून करंगळी वर केली. भरपूर, आणि रंग स्वच्छ. मी नर्सला खूण केली, तिनं मला केली. पेन्शनचा पहिला पैसा हातात आला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले की घसा छान भरतोय, खपली जागेवर आहे, पोरगी फक्त कोरडी पडली होती. आणखी एक दिवस गेला असता तर जड गेलं असतं. तोंडानं नीट पाणी जायला लागलं की उद्या किंवा परवा सोडतील.

तुला घरी का पाठवलं तेही सांगून टाकते. खाटेजवळ एकानंच थांबायचं हा नियम खरा आहे, पण तो त्यांना तेव्हा आठवला जेव्हा तू तिसऱ्यांदा नर्सला म्हणालास की तुमच्या सलाईनच्या यंत्राचं बेअरिंग जातंय.

आता दुसरं. ऐकू न येणारी मी आणि बोलू न शकणारी ती, आमचं कसं चालायचं असं तुला वाटत होतं ना? आज सकाळी आमचं पाऊण तास बोलणं झालं.

मी रिकामा पेला दाखवला आणि हातानं विचारलं, पाणी कुठं गेलं? तिनं दाराकडं बघून घेतलं. मग आपल्या कानाची पाळी ओढली. हे तू, तुझं नाव तिनं असं ठेवलंय. मग ओठांवर बोट. मग नळ सोडल्यासारखं केलं आणि मान जोरानं हलवली, तिथं नाही. कुंडीचा आकार केला, त्यावर बोटांनी टपटप करून दाखवलं, तिथंही नाही. मग पेला दोन्ही हातांत घेतला, उकिडवी बसली (सुईच्या हाताला जपून), अगदी सावकाश जमिनीलगत ओतल्यासारखं केलं, वाकून कान लावला आणि मान हलवली. मला कळेना. तेव्हा नर्सकडून खडू घेऊन तिनं केसपेपरच्या मागे चित्र काढलं. एक लाल बादली. आत ठिपकेच ठिपके.

मग ती बोलली. आठवड्याभरातलं पहिलं वाक्य, आणि ऐकायला मी. नर्सनं कागदावर लिहून दाखवलं:

"वाळूत आवाज येत नाही."

तुझ्या कानांना कळू नये म्हणून तिनं सगळं घर तपासून ती एकच जागा शोधलीय. साडेपाच वर्षांची आहे, हे लक्षात घे. सगळं ओतलं नाही. दुखायचं नाही तेव्हा प्यायली, दुखायचं तेव्हा ओतलं. दुखायचं जास्त वेळ, कारण औषध तू देत नव्हतास.

तिनं तुला फसवलं असं माझ्या मनात येत नाही. तुझ्या मनात आलं तर काढून टाक. तू तिला पाणी प्यायला सांगितलंच नव्हतंस, बरणी भरायला सांगितलं होतंस, आणि आई बरणीच्या रेघेवर ठेवली होतीस. खरंच पिऊन बरणी भरायला पंधरवडा लागला असता. तिला आई लवकर हवी होती.

भाचीला आज फोन कर. बाराशे मिली नाही, खरं ते सांग. तिच्याकडून एक पक्कं करून कळव, ती कधी येणार ते. पोरीला खोटी तारीख मी सांगणार नाही.

ताई

•

मंगळवार, ता. १६, सकाळ

ताई,

काल पत्र वाचलं आणि तास दीड तास दुकानात नुसता येरझाऱ्या घालत होतो. फोरमन म्हणाला, मालक, बसा, नाहीतर लादी झिजेल. मग फोन लावला.

लेकीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. छर्रे, रेघ, औषध, कापूस, दवाखाना. मधे एकदाही ती बोलली नाही. क्रेनखाली उभी होती बहुतेक, मागे साखळीचा आवाज होता. माझं संपलं. मी म्हटलं, ऐकतेस ना? ती म्हणाली, "बाबा, बुधवारी संध्याकाळी येते, गुरुवारी सकाळी परत जाईन. परीक्षा शुक्रवारीच देणार. आणि यापुढं माझ्या येण्याची रेघ तुम्ही मारायची नाही." आणखी काही म्हणाली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. गप्प राहिली तेव्हा तुझं ते कोपऱ्यातल्या पोराचं वाक्य आठवलं.

तर ठिणगीला सांग, आई उद्या संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास. एक रात्र राहणार, मग दोन दिवस नाही, शनिवारी कायमची. अगदी असंच सांग, कमी नाही, जास्त नाही. बरणी तिच्याकडंच राहू दे. रेघ पुसायला ओलं फडकं फोरमनबरोबर पाठवलंय. छर्रे तिचे, परत मागणार नाही. त्यांच्यासाठी तिनं माझ्या कुठल्याही कारागिरापेक्षा जास्त डोकं चालवलंय.

मशिनी सगळ्या सुरू केल्यात. घरघर ऐकून जिवात जीव आला. पण बसवत नाही अजून. फळ्यावर औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिल्या आणि खाली एक ओळ सोडलीय, 'किती वेळा गेली' ते लिहायला. नीट दिसेल अशी सोडलीय, लाजायचं काय त्यात. तुझी खोली झाडून घेतली. महिनाभर तरी राहा. भोंग्याला म्हटलं की आता टपाल नाही, तर तो म्हणाला, मग मी हॉर्न कुणासाठी वाजवू.

आता बादलीचं.

काल संध्याकाळी मी खुर्चीत डोळे मिटून बसलो आणि फोरमनला सांगितलं, पेला घे, दाराशी जा, सावकाश वाळूत ओत. मशिनी बंद होत्या, ठिणगीच्या वेळेसारख्याच. मी सगळं लक्ष कानांत आणून बसलो. भिंतीवरचं घड्याळ ऐकलं. नळातली हवा ऐकली. कोपऱ्यावरच्या सायकलची साखळी सैल आहे तेही ऐकलं. बऱ्याच वेळानं म्हटलं, आता ओत. तो म्हणाला, "मालक, ओतून झालं."

मग दोघांनी मिळून बादली काट्यावर ठेवली. वाळू वरून कोरडी ठणठणीत. खाली बोट खुपसलं तर चिखल. बादलीवर मीच पांढऱ्या रंगात लिहिलंय, सोळा किलो. फोरमनचा एक पेला वजा करून ती भरली अठरा किलो आठशे पन्नास ग्रॅम. म्हणजे एकतिसातले एकोणीस पेले वाळूत आणि बारा पोरीच्या पोटात.

माझ्या खुर्चीपासून ती बादली चार पावलांवर आहे.

भाऊ